केळवणासाठी डायनिंग टेबलवर फुलांची सजावट: टेबल छोटं, माणसं आठ, सुचवा प्लीज

कढीलिंब

नमस्कार मंडळी, पुढच्या रविवारी दुपारी माझ्या भाचीचं केळवण आमच्याकडे आहे, कोथरूडला. जेवण घरीच करणार आहोत त्यामुळे मेनूचं टेन्शन नाही, ते आई आणि मी बघतो, टेन्शन आहे ते टेबलाचं. हल्ली केळवण म्हटलं की इन्स्टावर काय काय येतं ते तुम्ही बघताच, ताटाभोवती फुलांची महिरप, मधोमध गुलाबांचा हा एवढा ढीग, केळीची पानं, पणत्या, मागे दोघांच्या नावाची पाटी. भाचीने तोंडाने काही मागितलेलं नाही पण लागोपाठ रील पाठवतेय आणि खाली "मावशी कित्ती गोड ना" असं लिहितेय, म्हणजे समजायचं ते मी समजले.

एका डेकोरेटरला फोन केला तर त्याने जो आकडा सांगितला त्यात माझं अख्खं केळवण होईल, वर आहेराची साडी येईल. तेव्हा घरीच करायचं ठरवलंय.

टेबल सहा जणांचं आहे, मोजलं तर 5 फूट बाय 3 फूट, वर काच. माणसं आठ. म्हणजे दोन्ही बाजूंना तीन तीन आणि दोन टोकांना नवरानवरी. आईने कालच विचारलं की मधे फुलं ठेवलीस तर आमटीचं भांडं कुठे ठेवू, डोक्यावर? आणि तिचं बरोबरच आहे. माझ्याकडे लग्नात आलेली एक उंच काचेची फ्लॉवरपॉट आहे जी आजवर कपाटातून बाहेर आलेली नाही, ती वापरावी का? फुलं कुठून आणि कधी आणू, शनिवारी आणली तर रविवारी दुपारपर्यंत राहतील का? तो हिरवा स्पंज मिळतो तो कुठे मिळेल? आणि मला निशिगंध फार आवडतो, तो चालेल ना?

पेठकर

केळवण भाचीचं आहे की टेबलाचं?

असो. विचारलंय तर सांगतो. फुलं आणायच्या आधी टेबलावर आठ ताटं मांडा, वाट्या आणि पेल्यांसकट, आणि आठ जणांना खरोखर खुर्चीवर बसवा. मग काय जागा उरते ते बघा. आमच्याकडे पाटावर पंगत असायची तेव्हा हा प्रश्न नव्हता, महिरप रांगोळीची, जमीन भरपूर. टेबल आलं आणि भांडणं आली.

सोनटक्का

पेठकरांनी खवचटपणे सांगितलं तरी पहिला सल्ला तोच आहे, ताटं आधी, फुलं नंतर. मी कागदावर करून बघितलं. नेहमीचं ताट 12 इंचांचं धरा. टेबलाची रुंदी 36 इंच, समोरासमोरच्या दोन ताटांनी 24 इंच खाल्ले, मधे उरली 12 इंचांची पट्टी. लांबी 60 इंच, त्यातून दोन टोकांची ताटं प्रत्येकी 12 इंच वजा करा, उरले 36. म्हणजे तुमच्या हातात टेबलाच्या मधोमध 3 फूट बाय 1 फूट एवढी जागा आहे, त्यातही पेले थोडे आत सरकणार. या जागेत एकतर आमटी, भात, भाजी, पुऱ्यांचा डबा बसेल नाहीतर फुलं. दोन्ही नाही.

पण अहो केळवण आहे ना, तिथे कोण आपल्या हाताने वाढून घेतं? तुम्ही आणि आई आग्रह करकरून वाढणारच आहात, मग भांडी टेबलावर हवीतच कशाला? ती ओट्यावर किंवा बाजूला एक छोटं टेबल लावून त्यावर ठेवा आणि मधली पट्टी फुलांना देऊन टाका. रोजच्या जेवणाला हे जमत नाही म्हणून तर आपल्या घरांत टेबलावर फुलं दिसत नाहीत, मधे पातेली असतात. एका दिवसापुरतं जमतं. फक्त वाढणाऱ्याचा हात दोन माणसांच्या मधून येणार हे लक्षात ठेवा, तिथे पसरलेली पानं किंवा बाहेर आलेली काडी नको, नाहीतर वरणाचा ओगराळा त्यात अडकतो.

आता उंची. खुर्चीवर बसा, कोपर टेबलावर टेका, मुठीवर हनुवटी ठेवा. फुलं त्या हनुवटीच्या खाली राहिली पाहिजेत, म्हणजे साधारण 12 इंचांच्या आत, त्यातही 8-9 असतील तर उत्तम. यापेक्षा उंच गेलं की समोरचा माणूस फुलांच्या कडेने मान वाकडी करून बोलतो, आणि तुमच्याकडे तर नवरानवरी दोन टोकांना बसणार, त्यांना एकमेकांचं तोंड दिसू नये अशी व्यवस्था तुम्हीच करताय. त्यामुळे ती उंच फ्लॉवरपॉट टेबलावर नको. ती शोकेसवर किंवा दारातल्या बुटांच्या कपाटावर ठेवा, त्यात ग्लॅडिओलस मस्त दिसेल.

मी इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, थोडंफार शिकलेय म्हणून एक सांगते. सोगेत्सु ही शाळा टोकियोत 1927 मध्ये सुरू झाली, तिच्यात मुख्य काडीचं माप शिकवतात: भांड्याची रुंदी अधिक उंची, त्याच्या दीडपट. म्हणजे 10 इंच रुंद आणि 2 इंच उंच ताटली घेतली तर मुख्य काडी 18 इंचांची. कोनाड्यात सुंदर दिसतं, जेवणाच्या टेबलावर भिंत होते. आपल्याकडे पुस्तकात बघून टेबलावर करणारे इथेच फसतात. त्यातलं घ्यायचं ते वेगळंच, उथळ भांडं, थोड्या काड्या, आणि मोकळी सोडलेली जागा. सहा शेवंत्या एका उथळ ताटलीत एका बाजूला लावून उरलेलं पाणी नुसतं दिसू द्या, गच्च भरलेल्या गुच्छापेक्षा ते भारी दिसतं. हे माझं मत, भाचीचं रील वेगळं सांगेल.

हिरव्या स्पंजबद्दल. मिळतो सगळीकडे, बोहरी आळीत तर नक्की, पण मी म्हणेन घेऊ नका. 1954 मध्ये अमेरिकेत व्हर्नन स्मिथर्स यांनी तो बाजारात आणला, फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा प्लास्टिक फेस आहे तो, कुजत नाही, चुरा होऊन नुसता बारीक होत जातो. लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये 2021 पासून त्याला बंदी आहे. आणि आपल्यासाठी त्याहून साधं कारण म्हणजे त्याचा हिरवा भुगा जेवणाच्या टेबलावर कोणाला हवाय? त्याऐवजी पसरट बोलच्या तोंडावर पारदर्शक सेलोटेपच्या पट्ट्या उभ्या आडव्या चिकटवा, चौकडी तयार होते, प्रत्येक चौकोनात एक दोन काड्या. कडेची पानं टेप झाकतात. बोल कोरडा असताना टेप लावायचा, पाणी नंतर ओतायचं, इतकंच.

कढीलिंब

अय्या 3 बाय 1 चं गणित माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद! भांडी बाजूच्या टेबलावर ही आयडिया आईला एकदम पटली, म्हणाली म्हणजे कोणी स्वतःहून कमी वाढून घेणार नाही. निशिगंधाचं कोणी बोललं नाही. आणि टेबलावर एरवी माझी फळांची टोपली असते, ती पण सजावटीत घ्यावी असं मनात आहे, केळी, सफरचंद, द्राक्षं आणि त्यात फुलं. डच चित्रात असतं तसं.

मार्केटयार्ड_पहाटे

निशिगंध टेबलावर नको ताई. एका खोलीत आठ माणसं, खिडक्या बंद, थंडी, आणि निशिगंध. श्रीखंडातल्या वेलचीचा वास येणार नाही, मसालेभाताचा तर नाहीच नाही. जेवणाच्या टेबलावर वास नसलेली किंवा जवळ गेल्यावर येणारी फुलं हवीत. निशिगंधाच्या (गुलछडीच्या) काड्या दारात ठेवा, पाहुणा आत येताना वास येतो, तिथेच संपतो. मोगरा, सोनटक्का, लिलियम यांनाही हाच नियम. जरबेरा, शेवंती, अ‍ॅस्टर, ग्लॅडिओ, कार्नेशन, डच गुलाब यांना वास नसतो किंवा नावापुरता असतो, ही टेबलाची फुलं.

फळांच्या टोपलीचं म्हणाल तर कार्नेशन घेणार असाल तर टोपली हलवा. पिकलेली केळी आणि सफरचंदं इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्यानेच फळं पिकतात, आणि कार्नेशन त्याला फार नाजूक. पाकळ्या आत मिटतात, फूल झोपल्यासारखं दिसतं. ऑर्किडचंही तसंच. लोक म्हणतात फुलवाल्याने शिळी दिली, फुलवाला बिचारा ताजीच देतो, शेजारी घड ठेवलेला असतो केळ्यांचा. दोन तासांत काही होणार नाही पण तुम्ही शनिवारी रात्री टोपलीतच फुलं मांडून ठेवाल म्हणून सांगितलं. द्राक्षं चालतील, ती फारसा वायू सोडत नाहीत.

आता कुठून. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फुलबाजारात जा, सकाळी लवकर, उजाडलं की गर्दी आणि उशीर झाला की निवडून उरलेला माल. तिथे सगळं गड्डीवर असतं, डच गुलाब 20 नगांची गड्डी, जरबेरा 10 ची, लिलियम 10 काड्या, शेवंती काडीवर पण मिळते आणि किलोवर सुट्टीपण. तुम्हाला किलोची शेवंती नको, ती हाराची, देठ नसतो तिला. "शेवंती काडी" असं मागा. तेवढं लांब जायचं नसेल तर मंडईच्या बाहेर मिळतात, थोडी महाग पण दोन चार नग सुद्धा देतात, आणि कोथरूडहून जवळ. जरबेरा आणि डच गुलाब मावळात तळेगावच्या बाजूला पॉलीहाऊसमध्ये होतात, पुण्याला ताजे मिळतात, त्यामुळे बाहेरगावच्या कोल्ड स्टोरेजमधल्या फुलांच्या नादी लागू नका.

वार बघून जा. मार्गशीर्ष चालू असेल तर बुधवारी गुरुवारी भाव चढलेले असतात, महालक्ष्मीच्या पूजेमुळे. शनिवारी सकाळी आणा. आणि लग्नाची दाट तिथी असेल तर शनिवारीही चढलेले मिळतील, त्याला इलाज नाही, शेवंतीवर भागवा.

कुंडीवाली

वाचतेय मजेत. मी सहकारनगरला राहते, गच्चीवर कुंड्या आहेत म्हणून हे नाव, आणि मला बाजारातून फुलं आणणारे लोक बघून नेहमी वाटतं की आधी खाली सोसायटीत तरी बघा. डिसेंबरात बोगनवेल पुण्यात भिंतीभिंतीवर असते, कंपाउंडवरून बाहेर लोंबणारी, वॉचमनला विचारून दोन फांद्या घ्या. तिची हिरवी पानं सगळी काढून टाकायची, नुसते रंगीत कागदी भाग ठेवायचे, मग ती टिकते. पानं ठेवली तर तासात मान टाकते. शिवाय हिरवं तर विकत घेऊच नका हो. मनी प्लांट, नेचे, शतावरी, सॉंग ऑफ इंडिया, गवती चहाची लांब पाती, काय नसतं कोणाच्या बाल्कनीत? तुमचं नावच कढीलिंब आहे, त्याच्या डहाळ्या लावा, टेबलावर इतक्या सुरेख दिसतात आणि वास जेवणाचाच.

जास्वंद पण सांगते, कारण कोणी सांगत नाही. जास्वंदीला पाणी लागतच नाही. ती एक दिवसाचीच असते, पाण्यात ठेवा की नुसती टेबलावर ठेवा, तेवढीच टिकते. म्हणून ताटाशेजारी एक एक लाल जास्वंद नुसती ठेवली तरी जेवण संपेपर्यंत टवटवीत. तुमचं दुपारचं आहे म्हणजे काही प्रश्नच नाही. रात्रीचं असेल तर सकाळी पूर्ण उमललेली तोडायची, डब्यात घालून फ्रीजमध्ये, संध्याकाळी काढायची, मिटायचं विसरते ती.

आता जरा कान उपटते, रागावू नका. ताटाभोवती महिरप करा पण ताटात नको. त्या रीलमध्ये झेंडूच्या पाकळ्या सरळ श्रीखंडाच्या वाटीवर टाकलेल्या असतात. बाजारातली फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांच्यावर फवारण्या असतात आणि त्यांना कोणी भाजीसारखं धुवत नाही. अन्नाला लावायचं तर घरच्या कुंडीतला गावठी गुलाब किंवा गोकर्ण, तेही धुऊन. आणि कण्हेर अजिबात नको, कुठलाच भाग नको, विषारी आहे ती, पिवळी काय आणि गुलाबी काय. लोक रस्त्यावरून तोडून आणतात दिसायला छान म्हणून आणि लहान मुलं असतात टेबलाशी. पांढरा चाफा आणलात तर देठाचा चीक पूर्ण गळू द्या, हाताला लागला तर काहींना खाज सुटते, काचेवर पडला तर चिकट डाग.

महिरपीची युक्ती सांगू का, पाकळ्या सुट्ट्या पसरू नका. पंखा चालू केला की त्या आमटीत. झेंडूची अख्खी फुलं देठ कापून, पोटावर सपाट बसतील अशी, ताटाच्या वरच्या अर्ध्या भागाला कमानीसारखी लावायची. जेवणाऱ्याच्या बाजूला काही ठेवायचं नाही, हात तिथून येतो. मधे मधे तुळशीची मंजिरी किंवा अबोली. एका ताटाला बारा पंधरा छोटी फुलं पुरतात, आठ ताटांना काही एवढी लागत नाहीत. फक्त दोन ताटांच्या मधे जागा कमी आहे म्हणता तर पूर्ण महिरप नवरानवरीच्याच ताटाला करा, टोकाला जागा आहे आणि मान पण त्यांचाच. बाकीच्यांना एक एक फूल.

पेठकर

बघा, जमिनीवरची महिरप शेवटी आलीच.

उशिरा_आलेला

लिलियम घेणार असाल तर घरात मांजर आहे का ते सांगा. लिलियमचं पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या किडनीला घातक असतं. माणसाला नाही. आणि मांजर नसलं तरी उमललेल्या फुलातले ते तपकिरी परागाचे दांडे कात्रीने काढून टाका, टेबलक्लॉथवर किंवा कोणाच्या पैठणीवर पडले तर डाग जात नाही. पडलेच तर पाणी लावायचं नाही, कोरडा सेलोटेप दाबून उचलायचा.

बाकी शनिवारी आणून रविवारपर्यंत टिकवायला पाण्यात अ‍ॅस्पिरीन आणि साखर टाका. आमच्याकडे नेहमी करतात.

मार्केटयार्ड_पहाटे

साखर नुसती टाकू नका. फुलाला साखर हवी असते हे खरं, पण पाण्यातल्या जंतूंना पण हवी असते, ते वाढतात, देठाच्या नळ्या बंद होतात, पाणी वर जात नाही. दुकानातल्या पुडीत साखरेबरोबर आम्ल आणि जंतू मारायचं औषध असतं म्हणून ती चालते. काही लोक घरी लिंबू आणि ब्लीच मिसळतात, ते तर करूच नका, घट्ट ओतलंत तर क्लोरीन सुटतो, कशाला नसता उद्योग. तुम्हाला एक रात्र काढायची आहे, त्याला स्वच्छ भांडं आणि स्वच्छ पाणी पुरतं. अ‍ॅस्पिरीनने काही बिघडत नाही, पण मी तरी पैसे वाया घालवणार नाही.

करायचं ते हे. घरी आणल्या आणल्या कागद सोडायचा, पाण्याखाली येणारी सगळी पानं ओरबाडून काढायची, कारण पाणी आधी नासतं ते पानांमुळे. देठ धारदार सुरीने तिरका कापायचा, दोन बोटं तरी, कात्रीने चेपला जातो. मग बादलीत, अंधाऱ्या गार जागी, बाथरूममध्ये ठेवलंत तरी चालेल. गुलाब गळ्यापर्यंत पाण्यात. जरबेरा मात्र उलटा, त्याला दोन तीन इंचच पाणी, देठावर बारीक लव असते आणि खोल पाण्यात तो कुजून लिबलिबीत होतो. जरबेऱ्याची मान वाकायची सवय असते म्हणून दुकानदार स्ट्रॉ घालतो किंवा फुलाला प्लास्टिकची टोपी असते, ती रविवारी सकाळी काढा, आधी नाही. रविवारी टेबलावर मांडताना देठ आणखी एकदा कापा, आता आखूड हवेतच.

सोनटक्का

अगदी. आणि एकच रंग धरा प्लीज, किंवा फार तर दोन. पिवळी शेवंती, लाल जरबेरा, जांभळा अ‍ॅस्टर, गुलाबी कार्नेशन, पांढरी जिप्सोफिला असं सगळं एका टेबलावर आलं की ते ताजं असलं तरी उरलंसुरलं गोळा केल्यासारखं दिसतं. केळवणाच्या ताटात आधीच रंग असतात, पिवळं वरण, केशरी श्रीखंड किंवा जिलबी, हिरवी चटणी, लाल लोणचं, पांढरा भात. ताट रंगीत असेल तर फुलं शांत हवीत. पांढरी शेवंती काडी आणि भरपूर हिरवा कढीलिंब, एवढंच, मी तर हेच करेन. पिवळं हवंच असेल तर महिरपीतला झेंडू आहेच. पांढरा अ‍ॅस्टरही छान, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'फुले गणेश' नावाच्या जाती आहेत ना, त्यातला पांढरा. भावाला शेवंतीपेक्षा हलका असतो बहुतेक वेळा आणि पाण्यात बरेच दिवस उभा राहतो.

कढीलिंब

मांजर नाही. काच असल्यामुळे टेबलावर पणत्या ठेवू की नको ते पण सांगा. आणि भाचीला गुलाबी हवंय, पांढरं बघून ती म्हणाली "मावशी कोणी गेलंय का".

पेठकर

भाची हुशार आहे.

पणत्या टेबलावर नको. 12 इंचांची पट्टी, त्यात फुलं, वरून साडीचा पदर आणि वाढणारीचा हात. औक्षणाचं तबक येणारच आहे, तेवढा दिवा पुरे. समई कोपऱ्यात लावा, फोटोत मागे छान येते, फुकट.

कुंडीवाली

हाहा भाचीचं बरोबर आहे, आपल्याकडे नुसतं पांढरं नाही चालत हो शुभकार्याला, सोनटक्का तुम्ही जपानी झालात. फिकट गुलाबी डच गुलाब घ्या एक गड्डी आणि पांढरी शेवंती अर्धी, हिरवं घरचं. गुलाबाच्या बाहेरच्या एक दोन हिरवट मळक्या पाकळ्या असतात त्या काढून टाका, त्या फुलाच्या संरक्षणासाठी तशाच ठेवलेल्या असतात, आतून गुलाब एकदम स्वच्छ निघतो. देठाचे काटे खालचे काढा, वरचे राहू देत. आणि गुलाब शनिवारी कळी असेल तोच घ्या, रविवारपर्यंत अर्धा उमलतो तेव्हा सगळ्यात देखणा. पूर्ण उमललेला दुकानात स्वस्त मिळेल पण जेवण संपेस्तोवर पाकळ्या गळायला लागतील.

आणि भांडं? त्यावर कोणीच बोललं नाही. एक मोठं नको, चार पाच छोटी. जुने स्टीलचे पेले नाहीतर पितळी फुलपात्री एका रांगेत, प्रत्येकात तीन चार फुलं. फायदा असा की कोणाला अडचण झाली तर एक फुलपात्रं उचलून बाजूला करता येतं, मोठा बोल हलवायला दोन माणसं लागतात आणि पाणी सांडतं ते वेगळंच. फुलपात्री जड असतात आणि तोंड लहान म्हणून टेपची चौकडी पण नको. फुलपात्री चिंचेने घासून ठेवा आदल्या दिवशी.

सोनटक्का

मी जपानी वगैरे काही नाही 😄 पण फुलपात्र्यांची आयडिया माझ्या बोलपेक्षा चांगली आहे, मान्य. रांग अगदी सरळ नको, थोडी नागमोडी, आणि सगळ्यांची उंची सारखी नको, मधली जरा उंच. टोकाच्या दोन्ही ताटांपासून एक वीत जागा सोडा.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं तिथे पुष्परचनेच्या स्पर्धा बघायला जा लग्नाची धावपळ आटपली की. टेबलाच्या मांडणीबद्दल तिथल्या बायका जे एकमेकींना कानात सांगतात ते कुठल्या क्लासात मिळत नाही.

कढीलिंब

सगळ्यांचे खूप खूप आभार, ठरलंच आता. शनिवारी सकाळी नवऱ्याला घेऊन मार्केट यार्ड, गुलाबी डच गुलाबाची एक गड्डी, पांढरी शेवंती काडी, महिरपीला झेंडू थोडा सुट्टा, दाराला निशिगंधाच्या काड्या उंच फ्लॉवरपॉटमधे (शेवटी बाहेर आली!). हिरवं खालच्या काकूंच्या बागेतलं. फळं ओट्यावर. पणत्या रद्द. फुलपात्री माझ्याकडे दोनच आहेत पण आईकडे माळ्यावर आजीचं एक पितळी घंगाळ आहे, ते मधोमध ठेवून त्यात पाणी आणि वर तरंगती फुलं आणि बाजूला दोन फुलपात्री असं करावं असं आईचं म्हणणं आहे, तिला ते घंगाळ वापरायचंच आहे कशात तरी.

मार्केटयार्ड_पहाटे

तरंगायला गुलाब देठ अगदी तळाशी कापून ठेवा, शेवंती जास्त चांगली तरंगते. पाणी काठोकाठ नको, काच आहे.

पेठकर

घंगाळ एक फुटाच्या आत बसतंय का ते आधी मोजा. आमच्याकडचं दीड फुटाचं आहे, त्यात पूर्वी आंघोळीचं पाणी काढायचे.

कढीलिंब

मोजलं. सोळा इंच 🤦‍♀️ दारात जातंय, निशिगंधाशेजारी. खालच्या काकूंकडून तीन फुलपात्री मागून आणते.